१९९ आठवडे, तीन रौप्यपदके

मलेशियाचा बॅडमिंटनपटू ली चोंग वेई १७ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुरुष एकेरीची अंतिम लढत हरला. चीनच्या लिन डानने ती २१-१२, २१-८ अशी एकतर्फी जिंकली. चार दिवसांनी, २१ ऑगस्टला, ली जागतिक क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर आला आणि १४ जून २०१२ पर्यंत, म्हणजे सलग १९९ आठवडे, तिथेच राहिला. पहिला क्रमांक सुटल्यावर साडेसात आठवड्यांत लंडनमध्ये तो ऑलिंपिकची दुसरी अंतिम लढत खेळला. तीही लिन डाननेच जिंकली.

२०१६ मध्ये रिओत लीला तिसरे रौप्यपदक मिळाले. जागतिक अजिंक्यपद त्याच्या वाट्याला कधीच आले नाही. कारकिर्दीत एकूण ३४९ आठवडे पहिला क्रमांक, ६९ विजेतेपदे आणि चार वेळा ऑल इंग्लंड, ही कमाईही त्याचीच. एकेरीच्या व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द कशाने मोजायची, या प्रश्नावर बॅडमिंटनच्या हॉलमध्ये दोन तट पडतात आणि दोन्ही तट पुरावा म्हणून लीचेच नाव घेतात. इथे एक बाजू एका क्रीडापत्रकाराने मांडली आहे, दुसरी एकेरीची मुले घडवणाऱ्या एका प्रशिक्षकाने.

पत्रकार : सर, माझा हिशोब साधा आहे. खेळाडू लक्षात राहतो तो मोठ्या दिवसामुळे. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा येते, तिथे जग बघत असते. लीला तो दिवस तीनदा मिळाला आणि तिन्ही वेळा हातचा गेला. क्रमवारी म्हणजे वर्षभराची हजेरी. हजेरी पूर्ण भरली म्हणून कोणी बोर्डात पहिला येत नाही.

प्रशिक्षक : हजेरी म्हणता, पण ही हजेरी कशी लागते ते आधी बघा. मागच्या ५२ आठवड्यांतल्या ज्या दहा स्पर्धांत सर्वाधिक गुण मिळाले, त्यांची बेरीज म्हणजे क्रमवारी. गेल्या वर्षी याच आठवड्यात जिंकलेली स्पर्धा यंदा पुन्हा आली की जुने गुण गळून पडतात. तेवढेच पुन्हा मिळवले तर माणूस जागच्या जागी राहतो. मुलं त्याला ‘पॉइंट डिफेंड करणं’ म्हणतात. पहिल्या क्रमांकावरच्या माणसाला पुढे जायला जागाच नसते, दर आठवड्याला फक्त राखायचे असते. लीने ते १९९ आठवडे राखले.

कुठल्या विजयाला किती वजन द्यायचे, हे जागतिक महासंघाच्या गुणतक्त्यात ठरलेले असते. लीच्या ऐन बहराच्या काळात ऑलिंपिक किंवा जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्याला १२,००० गुण मिळत आणि उपविजेत्याला १०,२००. सुपर सीरिज प्रीमियर दर्जाच्या स्पर्धेच्या विजेत्याला ११,००० आणि साध्या सुपर सीरिजच्या विजेत्याला ९,२०० मिळत. ऑलिंपिक सुवर्ण आणि ऑल इंग्लंडसारखी वार्षिक स्पर्धा यांत गुणांचा फरक होता फक्त एक हजाराचा. चार वर्षांनी येणारा दिवस आणि दरवर्षी येणारा आठवडा यांना महासंघाने जवळजवळ एकाच तराजूत तोलले होते. लोकांच्या मनात मात्र हा फरक कितीतरी मोठा असतो, आणि वादाचे मूळ या तफावतीतच आहे.

पत्रकार : तक्ता महासंघाने केला. त्यांना वर्षभर स्पर्धा चालवायच्या असतात, तारांकित खेळाडू प्रत्येक ठिकाणी हवे असतात. २०१८ पासून तर पहिल्या पंधरांतल्या एकेरीच्या खेळाडूला वर्षाला किमान बारा ठरावीक स्पर्धा खेळणे बंधनकारक झाले. हे व्यवस्थेच्या सोयीचे गणित झाले. त्यावरून मोठेपण कसे ठरवायचे?

प्रशिक्षक : व्यवस्था कशीही असो, तिच्यात खेळाडूला जगायचे असते. बत्तीस जणांच्या ड्रॉमध्ये विजेतेपदासाठी पाच सामने जिंकावे लागतात, तेही पाच-सहा दिवसांत. सोमवारी विमानतळ, रविवारी फायनल, पुन्हा विमानतळ. ६९ विजेतेपदे म्हणजे असे ६९ आठवडे, आणि जे आठवडे फायनलच्या आधीच संपले ते यात धरलेलेच नाहीत. छोट्या स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलेल्याच्या हाती बक्षिसाचा पैसाही लागत नाही, आणि विमानाचे तिकीट तर काढलेलेच असते. चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकावरच्या मुलाचा धंदा असा चालतो. ली त्या शिडीने वर गेला आणि वर गेल्यावरही त्याच शिस्तीने खेळत राहिला.

लीची सुरुवात वेगळ्याच खेळाने व्हायची होती. २१ ऑक्टोबर १९८२ रोजी पेराक राज्यातल्या बागान सेराई इथे त्याचा जन्म झाला आणि तो वाढला पेनांगमधल्या बुकित मेर्ताजाम इथे. लहानपणी त्याला बास्केटबॉलची ओढ होती. उघड्या कोर्टावरच्या उन्हाचा ताप नको म्हणून आईने तो खेळ बंद केला. वडिलांना बॅडमिंटनचा नाद होता. त्यांच्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षी हे पोर हॉलमध्ये आले. २००० मध्ये, सतराव्या वर्षी, मिसबुन सिदेक यांनी त्याला राष्ट्रीय चमूत घेतले. सिदेक हे मलेशियन बॅडमिंटनमधले मोठे घराणे. मिसबुनचा भाऊ रशीद याने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक मिळवले होते.

बॅडमिंटन हा त्या देशाच्या जिव्हाळ्याचा खेळ आहे. मलाया असल्यापासूनची त्यांची परंपरा आहे : १९४९, १९५२ आणि १९५५ असे पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचे लागोपाठ तीन थॉमस कप, वाँग पेंग सून आणि एडी चूंग यांच्या ऑल इंग्लंड विजेतेपदांची रांग. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये भारतासाठी पहिले आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेही क्वालालंपूरच्या सेलंगोर स्पर्धेत. ज्या देशाला या खेळाचा एवढा अभिमान, त्याच्या पदरात कुठल्याही खेळातले एकही ऑलिंपिक सुवर्ण नव्हते. हे ओझे ली पंचविशीत असल्यापासून त्याच्या पाठीवर होते.

पत्रकार : तुम्ही ओझे म्हणता, मी संधी म्हणेन. ते पेलणारा लिन डान त्याच काळात होता. चीनमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, एवढ्या अपेक्षांखाली त्याने सुवर्ण जिंकले. मग ओझ्याचे कारण लीच्या बाजूने कसे सांगता येईल?

प्रशिक्षक : लिनवरही दडपण होतेच. पण तो घसरला तर चीनकडे पुढचा खेळाडू तयार होता. मलेशियाकडे लीनंतर जगातल्या पहिल्या दहांत टिकून राहील असा एकेरीचा दुसरा माणूस त्या काळात नव्हता. थॉमस कपमध्ये पहिला सामना ली जिंकणार हे गृहीत धरलेले असायचे, पुढे काय होईल ते देवावर. देशाचा एकटा खेळाडू असण्याचा हा त्रास चिनी खेळाडूच्या वाट्याला आला नाही. लंडनच्या आधीचीच गोष्ट घ्या. मे २०१२ मध्ये वुहानच्या थॉमस कपमध्ये डेन्मार्कच्या पीटर गेडविरुद्ध खेळताना त्याचा घोटा दुखावला. ऑलिंपिकला जेमतेम दोन महिने राहिले होते.

घोट्याची दुखापत एकेरीच्या खेळाडूला किती महागात पडते, हे समजायला कोर्ट जवळून पाहावे लागते. एकेरीसाठी आपल्या बाजूचे क्षेत्र ६.७ मीटर लांब आणि ५.१८ मीटर रुंद. त्यात कोपरे सहा मानतात : नेटजवळचे दोन, मधले दोन, मागचे दोन. प्रत्येक फटक्यानंतर खेळाडू मधल्या बेसकडे परततो आणि प्रतिस्पर्ध्याची रॅकेट शटलला लागते त्या क्षणी दोन्ही पायांवर हलकी उडी घेतो. ती उडी जमिनीला टेकते तेव्हाच कुठल्या दिशेला जायचे ते ठरलेले असते. क्षणभर उशीर झाला तर शटल खांद्याच्या मागे गेलेले असते आणि हाती उरतो तो लाचार टॉस, म्हणजे नुसता उंच उचललेला फटका. शटलशिवाय नुसत्या पावलांचा सराव करतात त्याला शॅडो म्हणतात. तासन्‌तास शॅडो केल्यावर पाऊल विचारासाठी थांबत नाही.

लीचे पाऊल त्याच्या पिढीत सगळ्यांत हलके होते. मागच्या कोपऱ्यातून उडी मारून स्मॅश, आणि जमिनीवर येताच पुढे झेप, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने कसाबसा अडवलेला शटल नेटवर पोहोचण्याआधी हा तिथे हजर. स्मॅश अनेकांना येतो. स्मॅशनंतरचे ते दोन-तीन पाय फार थोड्यांना येतात. त्या झेपेचा सगळा भार उजव्या पायाच्या घोट्यावर आणि गुडघ्यावर पडतो. ६९ विजेतेपदांच्या हिशोबात ही झेप किती हजार वेळा घेतली गेली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

दुसरी अडचण हवेची. शटलमध्ये १६ पिसे असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम. वातानुकूलित हॉलमध्ये हवेचा झोत कुठून येतो त्यावर ते वाहवते. मुले त्याला ड्रिफ्ट म्हणतात. सामन्याआधी शटल तपासतात ते असे : मागच्या रेषेवरून खालून पूर्ण ताकदीने मारलेला शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३० ते ९९० मिलिमीटर अलीकडे पडला पाहिजे. पण हवेच्या झोतामुळे एका बाजूला टॉस रेषेबाहेर जातो, दुसऱ्या बाजूला तोच टॉस आखूड पडतो. तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात तेव्हा हाताची सगळी मोजमापे उलटी करावी लागतात, आणि त्यासाठी मिळतात साठ सेकंद. टॉवेल, पाण्याचा घोट, खुर्चीजवळ वाकलेल्या प्रशिक्षकाची दोन वाक्ये, एवढ्यात ते भरतात.

पत्रकार : या साठ सेकंदांत काय होते, हेच तर मला विचारायचे आहे. १४ ऑगस्ट २०११, लंडनची वेम्ब्ली अरेना, जागतिक अजिंक्यपदाची अंतिम लढत. लीने पहिला गेम २२-२० घेतला, दुसरा १४-२१ गेला, तिसऱ्यात तो मॅच पॉइंटपर्यंत पोहोचला आणि २१-२३ हरला. एका वर्षाने, ५ ऑगस्ट २०१२, तोच हॉल, ऑलिंपिकची अंतिम लढत. लीने पहिला गेम २१-१५ घेतला, दुसरा १०-२१ गेला, तिसरा १९-२१. एकाच छताखाली, एकाच माणसाकडून, शेवटच्या दोन गुणांनी. हा योगायोग म्हणायचा का?

प्रशिक्षक : नाही म्हणणार. लिन डान त्या दोन्ही वेळी शेवटच्या पाच-सहा गुणांत सरस होता. पण तुम्ही ‘कच खाल्ली’ असे लिहाल, ते मला पटणार नाही. २००६ ची कुचिंगची मलेशियन ओपन आठवा. समोर हाच लिन डान, तिसऱ्या गेममध्ये ली १३-२० ने मागे. एकामागून एक मॅच पॉइंट वाचवून त्याने गेम २३-२१ जिंकला. कच खाणारा माणूस १३-२० वरून परत येत नाही.

पत्रकार : कुचिंगला घरचे प्रेक्षक होते. आणि तो दिवस ऑलिंपिकचा नव्हता.

प्रशिक्षक : म्हणजे ऑलिंपिकबाहेरचा पराक्रम मोजायचा नाही आणि ऑलिंपिकमधली हार तेवढी मोजायची? असे करून कोणाचीही कारकीर्द लहान दाखवता येते.

पत्रकाराचा सगळ्यांत भक्कम मुद्दा एका दिवसाच्या सामन्याचा नाहीच. ली आणि लिन एकमेकांशी ४० वेळा खेळले. त्यांतले २८ सामने लिनने जिंकले, १२ लीने. चाळीस सामने, अनेक देश, अनेक हॉल. यात नशिबाला फारशी जागा उरत नाही. लिन डान दोन ऑलिंपिक सुवर्णपदके, पाच जागतिक अजिंक्यपदे आणि सहा ऑल इंग्लंड घेऊन निवृत्त झाला. दोघांतला सरस खेळाडू कोण, या प्रश्नाचे उत्तर लिन डान असेच आहे. लीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे आडवळणाने न सांगता सरळ मान्य करावे, म्हणजे पुढचा खरा प्रश्न विचारता येतो : लिन सरस होता, तर पहिला क्रमांक इतकी वर्षे लीकडे कसा?

प्रशिक्षक : कारण दोघांनी दोन वेगळ्या रीतींनी आयुष्य आखले. लिन निवडक खेळायचा. काही स्पर्धा तो सोडायचा, काहींत लवकर हरायचा आणि त्याचे त्याला विशेष वाटत नसे. वर्षातल्या दोन-तीन आठवड्यांसाठी शरीर राखून ठेवायचे, हे त्याचे तंत्र. लंडननंतर तो जवळजवळ खेळलाच नाही. २०१३ ला ग्वांगझूच्या जागतिक स्पर्धेत वाइल्ड कार्डवर आला आणि जिंकला. फायनलमध्ये समोर लीच होता. तिसऱ्या गेममध्ये १७-२० असताना लीच्या पायात गोळे आले आणि त्याला सामना सोडावा लागला.

पत्रकार : मग हे मीच म्हणतोय ना? शहाणपण लिनकडे होते.

प्रशिक्षक : शहाणपण होते, आणि ते परवडणारी व्यवस्थाही होती. निवडक खेळणाऱ्याची क्रमवारी घसरते, मानांकन जाते, मग ड्रॉमध्ये पहिल्याच फेरीत तगडा माणूस समोर येतो. चीनला ते चालून जाते, कारण बाकीचे मोठे खेळाडू वर बसलेले असतात. मलेशियाच्या एकुलत्या एक खेळाडूने तसे करायचे ठरवले असते तर संघटना, प्रायोजक आणि प्रेक्षक, तिघांनीही त्याला जाब विचारला असता.

एकेरीच्या कारकिर्दीत दोन वेगळी कौशल्ये लागतात, आणि ती एकाच खेळाडूत पुरेपूर भेटणे दुर्मीळ आहे. एक, आठवड्यामागून आठवडा न घसरण्याचे. दुसरे, ठरलेल्या एका आठवड्यात शिखर गाठण्याचे. भारतातही हे दिसते. पी. व्ही. सिंधूकडे दुसरे कौशल्य भरभरून आहे : २०१६ चे ऑलिंपिक रौप्य, टोकियोचे कांस्य, २०१९ चे जागतिक अजिंक्यपद. तरी क्रमवारीत ती दुसऱ्या क्रमांकाच्या वर कधी गेली नाही. किदांबी श्रीकांतने २०१७ मध्ये चार सुपर सीरिज जिंकल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ऑलिंपिक पदक मात्र त्याच्या नावावर नाही. सायना नेहवालला दोन्ही मिळाले, पण वेगवेगळ्या वर्षांत : लंडनचे कांस्य २०१२ मध्ये, पहिला क्रमांक २०१५ मध्ये. श्रीकांत पहिल्या क्रमांकावर गेला त्याच महिन्यात गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम फेरीत पस्तिशीतल्या लीने त्याला १९-२१, २१-१४, २१-१४ असे हरवले.

पत्रकार : सर, एक अवघड प्रश्न राहिलाच. २०१४.

प्रशिक्षक : तो टाळणे बरोबर होणार नाही. विचारा.

ऑगस्ट २०१४ मध्ये कोपनहेगनच्या जागतिक स्पर्धेत ली अंतिम फेरीत चीनच्या चेन लाँगकडून हरला. त्या वेळी घेतलेल्या नमुन्यात डेक्सामेथासोन हे औषध सापडले. ते सूज उतरवणारे औषध आहे. स्पर्धा चालू नसताना घ्यायला बंदी नाही, स्पर्धेच्या काळात आहे. सुनावणी करणाऱ्या समितीने एप्रिल २०१५ मध्ये निर्णय दिला : फसवणुकीचा हेतू नव्हता, औषध एका पूरक आहाराच्या कॅप्सूलमधून शरीरात गेले, पण खाल्लेल्या गोष्टीची जबाबदारी खेळाडूचीच. आठ महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून लागू झाली आणि त्या स्पर्धेचे रौप्यपदक काढून घेण्यात आले. निर्णय सौम्य होता हे खरे, आणि निष्काळजीपणा लीचा होता हेही खरे. चौदा-पंधरा वर्षे राष्ट्रीय चमूत काढलेल्या माणसाने कॅप्सूलच्या आवरणाचीही चौकशी करायला हवी होती. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यात सर्दीची गोळीसुद्धा न विचारता घेता येत नाही. हा नियम जाचक वाटला तरी त्याशिवाय निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

बंदीच्या काळात क्रमवारीचे गुण गळत गेले. सात वर्षे पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाची सवय असलेला खेळाडू वयाच्या बत्तिसाव्या वर्षी खालून वर चढू लागला. २०१५ च्या उन्हाळ्यात तो अमेरिकेत आणि कॅनडात एकेक स्पर्धा खेळला. अशा दुय्यम दर्जाच्या स्पर्धांकडे पहिल्या फळीतले खेळाडू सहसा फिरकत नाहीत. दोन्ही त्याने जिंकल्या. त्याच वर्षी जकार्तात जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठली आणि तीही चेन लाँगकडूनच हरला. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फ्रेंच, चायना आणि हाँगकाँग ओपन लागोपाठ जिंकल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला तो पुन्हा पहिल्या मानांकनावर होता.

प्रशिक्षक : हे वर्ष मला ६९ विजेतेपदांपेक्षाही मोठे वाटते. पैसा, नाव, मानमरातब सगळे मिळालेले. रिकाम्या गॅलरीसमोर, ओळख नसलेल्या मुलांविरुद्ध पहिली फेरी खेळायची त्याला गरज नव्हती. तो गेला, कारण गुण मिळवायचा दुसरा रस्ता नव्हता आणि त्याला रिओला खेळायचे होते.

पत्रकार : इथे मी तुमच्या बाजूला येतो. पण रिओत काय झाले?

रिओत १९ ऑगस्टला उपांत्य फेरीत समोर लिन डान आला. बीजिंग आणि लंडनमध्ये ज्याच्याकडून पराभव झाला त्याच माणसाला लीने १५-२१, २१-११, २२-२० असे हरवले. हा ऑलिंपिकमधला लिनवरचा त्याचा पहिला आणि एकमेव विजय. सामना संपल्यावर दोघांनी अंगातले शर्ट एकमेकांना दिले. दुसऱ्याच दिवशी अंतिम लढत होती. तेहतिशी पार केलेल्या लीसमोर त्याच्याहून सहा वर्षांनी लहान चेन लाँग उभा होता. दोन्ही गेम २१-१८ असे चेन लाँगने घेतले.

पत्रकार : लिनला हरवण्यात त्याने सगळे खर्च केले असे मी तेव्हा लिहिले असते.

प्रशिक्षक : अर्धे खरे आहे ते. आदल्या दिवशीचा तिसरा गेम २२-२० पर्यंत गेला, पायांत त्याचा थकवा असणारच. उरलेले अर्धे असे की चेन लाँग त्या दिवशी फार चांगला खेळला. त्याची उंची आणि त्याचा टॉस यांमुळे लीला मागून उडी मारून शटल खाली मारायची संधीच कमी मिळाली. हरण्याचे कारण दर वेळी हरणाऱ्यातच शोधायचे नसते.

त्यानंतरही ली थांबला नाही. मार्च २०१७ मध्ये त्याने चौथी ऑल इंग्लंड जिंकली. त्या वर्षी जूनमध्ये इंडोनेशियन ओपनमध्ये भारताच्या एच. एस. प्रणॉयने त्याला सरळ गेममध्ये हरवले, तेव्हा वय दिसू लागल्याची कुजबुज झाली. जुलै २०१८ मध्ये मलेशियन ओपनच्या अंतिम फेरीत त्याने जपानच्या केन्तो मोमोताला २१-१७, २३-२१ असे नमवून ती स्पर्धा बाराव्यांदा जिंकली. मोमोता त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता आणि पुढच्याच महिन्यात जागतिक विजेता झाला. लीचे हे अखेरचे विजेतेपद ठरले.

त्याच महिन्यात त्याला नाकाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आजार सुरुवातीच्या टप्प्यात होता. तैवानमध्ये उपचार झाले आणि टोकियो ऑलिंपिक डोळ्यांसमोर ठेवून त्याने सराव पुन्हा सुरू करून पाहिला. डॉक्टरांचा सल्ला आणि शरीराची साथ यांचा मेळ बसला नाही. १३ जून २०१९ रोजी पुत्रजया इथे, छत्तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. बोलताना त्याला रडू आवरले नाही. लिन डान जुलै २०२० मध्ये थांबला. २०२३ मध्ये जागतिक महासंघाने दोघांना एकत्रच आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले.

पत्रकार : सर, कोशात लीवर नोंद लिहायची झाली तर पहिल्या ओळीत मी ‘ऑलिंपिकमध्ये तीन वेळा रौप्यपदक’ असेच लिहीन. वाचक तेच शोधत येतो.

प्रशिक्षक : लिहा. ते खोटे नाही. फक्त १९९ आठवडे दुसऱ्या पानावर ढकलू नका. आणि लिन डानशी बारा सामने जिंकले, तेही लिहा. त्या काळात तेवढे दुसऱ्या कोणाला जमले नव्हते.

पत्रकार : बारा लिहिले तर अठ्ठावीसही लिहावे लागतील.

प्रशिक्षक : दोन्ही लिहा, त्याच ओळीत.